टाकळघाटचीं शिलावर्तुळें व त्यांवरील लेखन : एक परीक्षण

नागपुराच्या आसमंतांतील प्रेक्षणीय स्थळांचीं जीं वर्णनें आजवर प्रसिद्ध झालीं आहेत, त्यांत रामटेकचीं मंदिरें, नगरधनचा किल्ला आणि १८१७ च्या नोव्हेंबरांतील लढाईनें इतिहासांत नोंदली गेलेली सीताबर्डीची टेकडी यांचा उल्लेख हटकून येतो. हिंगणा तालुक्याच्या वाट्यास मात्र औद्योगिक वसाहतीपलीकडे सहसा कांहीं येत नाहीं. याच तालुक्यांतील टाकळघाट व त्याच्या शेजारचें खापा येथील अवशेष वाकाटकांहूनहि कित्येक शतकें प्राचीन आहेत. परंतु तेथें शिखर नाहीं, तट नाहीं, शिलालेख नाहीं. डोळ्यांत भरणारी वास्तू नसल्यानें स्थळवर्णनकार तेथें थांबत नाहींत. ज्यांनीं या स्थळांविषयीं लिहिलें, त्यांच्या लेखनांत प्रत्यक्ष पाहिलेलें किती व तर्कानें जोडलेलें किती, हें तपासणें हा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम वस्तु काय आहे तें सांगितलें पाहिजे. मोठमोठे धोंडे वर्तुळाकार मांडून आंत गोटे व माती यांचा भराव घालावा आणि त्याखालीं मृताचे अवशेष, भांडीं व हत्यारें ठेवावींत, अशी ही रचना आहे. हा प्रदेश दख्खनच्या काळ्या खडकाचा असल्यानें धोंडे जवळपासच उपलब्ध होत. त्यामुळें अपरिचित माणसास वर्तुळ आणि नुसता खडकाळ माळ यांतील भेद चटकन् कळत नाहीं. स्थळाची उपेक्षा होण्यास हेंहि एक कारण आहे.

या अवशेषांकडे ज्यांनीं आरंभींच लक्ष दिलें, त्यांत रे. स्टीफन हिस्लॉप यांचें नांव प्रमुख आहे. ते १८४५ सालीं नागपुरास आले. रॉबर्ट हंटर यांच्या सहकार्यानें त्यांनीं लिहिलेला नागपूर परिसराच्या भूस्तरांवरील व जीवाश्मांवरील निबंध १८५५ सालीं प्रसिद्ध झाला. टाकळघाटचीं वर्तुळें पाहून बोरीकडे परततांना ४ सप्टेंबर १८६३ रोजीं ओढ्याच्या पुरांत सांपडून त्यांचा अंत झाला. त्यांच्या पश्चात् राहिलेलीं टिपणें सर रिचर्ड टेंपल यांनीं संपादून १८६६ सालीं छापलीं. हा ग्रंथ वाचतांना तो लेखकानें अखेरचा हात फिरवून दिलेला नाहीं, दुसऱ्यानें जुळविलेला आहे, हें वाचकानें क्षणभरहि विसरतां कामा नये. असें असूनहि त्याचा एक गुण निर्विवाद आहे. लिंगोचीं गोंडी गीतें देतांना मूळ शब्द व त्यांचा अर्थ अशीं दोन्हीं दिलीं आहेत. त्यामुळें भाषांतर पटलें नाहीं तरी मूळ पाठ वाचकाच्या हातीं राहतो.

शिलावर्तुळांच्या बाबतींत त्या काळच्या मंडळींनीं ही शिस्त पाळलेली दिसत नाहीं. या अवशेषांस 'सिथियन' म्हणण्याची रीत पडली आणि नांवांतच निष्कर्ष शिरला. धोंडे दिसले हें निरीक्षण. ते मध्य आशियांतून आलेल्या लोकांनीं मांडले हा तर्क. दोन्हीं एकाच शब्दांत कोंबल्यानें पुढील वाचकास तीं वेगळीं करणें कठीण झालें.

रिव्हेट-कारनॅक यांनीं १८७९ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत मध्य हिंदुस्थानांतील प्रागैतिहासिक अवशेषांवर लिहिलें, त्यांतहि गुण-दोषांचें असेंच मिश्रण आहे. काटोल मार्गावरील जुनापाणी येथील वर्तुळें त्यांनीं उकरलीं, मिळालेलीं लोखंडी हत्यारें चित्रांसह दिलीं आणि धोंड्यांवरील वाटीसारखे खळगे टिपून ठेविले. हा भाग आजहि उपयोगी पडतो. परंतु युरोपांतील तशाच खुणांशीं साम्य दाखवून दूरदेशच्या लोकांचा संबंध सुचविण्याकडे त्यांचा जो कल आहे, तो मान्य करण्याजोगा नाहीं. दगडांत खळगा पाडण्याची कल्पना दोन देशांत स्वतंत्रपणें सुचणें अशक्य नाहीं.

या प्रश्नास पक्का आधार मिळाला तो नागपूर विद्यापीठाच्या वतीनें डॉ. शां. भा. देव यांनीं १९६८-६९ सालीं केलेल्या उत्खननानें. त्याचा वृत्तांत १९७० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांची पद्धति अशी कीं, खापा येथील वर्तुळें आणि टाकळघाट येथील वस्तीचें पांढरीचें टेकाड हीं दोन्हीं खोदून एकमेकांशीं ताडून पाहावयाचीं. दोन्हीं ठिकाणीं काळ्या-तांबड्या मृत्पात्रांची एकच परंपरा आढळली. वस्तीचा काल इ. स. पूर्व सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास येतो. म्हणजे वर्तुळें मांडणारे लोक वाटसरू नव्हते. ते येथेंच घरें करून राहत होते.

या वर्तुळांना गवळ्यांचे वाडे समजण्याची जी लोकपरंपरा आहे, तिचाहि येथें विचार केला पाहिजे. वाडा म्हणावा तर आंत पुरलेले अवशेष कां, याचा उलगडा तिच्यानें होत नाहीं. तथापि हे लोक गुरें बाळगणारे होते, एवढी आठवण तींत राहिली असणें शक्य आहे. विदर्भांतील अशा अनेक वर्तुळांत घोड्याचे अवशेष सांपडले आहेत, त्यावरून सिथियन पक्ष पुन्हां उचलून धरतां येईल असें कोणास वाटेल. पण घोडा पुरण्याची चाल ही चाल आहे, वंशाचें प्रमाणपत्र नव्हे. ती कोठून आली हा प्रश्न उघडा ठेवणेंच प्रामाणिकपणाचें होय.

आतां प्रश्न केवळ मतांचा उरलेला नाहीं. नांगरट, दगडखाणी, रस्ते आणि वाढती वस्ती यांमुळें नागपुराभोवतालचीं कितीतरी वर्तुळें नाहींशीं झालीं आहेत. हस्तलिखिताचें पान सुटलें तरी पृष्ठांकावरून त्याची जागा लावतां येते. वर्तुळांतील धोंडा एकदां हलला कीं त्याची जागा पुन्हां लागत नाहीं. संग्रहालयांतील हत्यारासहि, तें कोणत्या वर्तुळांतून व किती खोलीवरून निघालें याची नोंद नसेल, तर अर्धीच किंमत उरते. अशा वेळीं जुनें लेखन हाच पुष्कळ ठिकाणीं एकमेव साक्षीदार राहणार आहे. म्हणून तें जपून वाचावें, त्यांतील निरीक्षण निवडून वेगळें ठेवावें आणि वंशनामें बाजूस सारावींत.

नव्या स्थळवर्णनकारांनीं निदान गांव, शेताचा भूमापन क्रमांक, वर्तुळाचा व्यास, धोंड्यांची संख्या आणि खळग्यांच्या खुणा एवढें नोंदल्यावांचून पुढें जाऊं नये. संग्राहकांकडूनहि एक अपेक्षा आहे. भोंसलेकालीन मोडी दप्तरांत शिवारांच्या हद्दींचे कागद येतात; त्यांत धोंड्यांच्या रांगेचा वा गवळ्यांच्या वाड्याचा उल्लेख असल्यास तो कागद किरकोळ म्हणून बाजूस टाकूं नये. तारीख, गांव व मूळ शब्द यांसह त्याची नक्कल प्रसिद्ध करावी. वर्तुळ नष्ट झालें असलें तरी अशा एका ओळीवरून त्याची जागा नकाशावर पुन्हां दाखवितां येईल.