अद्भुताचा कायदा : ‘चंद्रकांता’, दूरचित्रवाणी आणि चाहत्यांची तक्रार

१.

प्रस्तुत लेखाचे निमित्त एका वादाचे आहे. विद्यापीठाला लागून असलेल्या मुनिरका गावात भाड्याच्या खोल्या घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांची संध्याकाळ बहुधा चहाच्या टपरीवर जाते, आणि अभ्यागत प्राध्यापक म्हणून याच वस्तीत राहत असल्यामुळे तेथील चर्चा ऐकण्याचा योग प्रस्तुत लेखकाला अनेकदा येतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका २०१९ मध्ये संपली; तिच्याविषयीचा वाद मात्र अद्याप संपलेला नाही. मूळ कादंबऱ्या वाचलेले आणि केवळ मालिका पाहिलेले असे दोन पक्ष आजही पडतात. अशाच एका वादात पूर्व उत्तर प्रदेशातील एक विद्यार्थी म्हणाला, ‘‘तुमची मालिका शेवटी बिघडली, आमची ‘चंद्रकांता’ पहिल्या दिवसापासून बिघडली होती.’’ त्याच्या आजोबांकडे देवकीनंदन खत्रींच्या कादंबऱ्यांचे जुने भाग होते आणि मालिका पाहण्याआधी त्याने ते वाचले होते. त्यावर सोलापूरकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘बिघडली म्हणजे नेमके काय झाले?’’ उत्तर कोणालाच चटकन देता आले नाही.

हा प्रश्न साधा नाही. रूपांतराच्या अभ्यासात ‘निष्ठा’ हा निकष गेल्या काही दशकांत जवळजवळ बाद ठरला आहे. रॉबर्ट स्टॅम यांनी २००० मध्ये आणि लिंडा हचन यांनी २००६ मध्ये केलेल्या मांडणीनंतर ‘मूळ कादंबरीशी इमान राखले का’ असे विचारणे भाबडेपणाचे समजले जाते. प्रस्तुत लेखकही वर्षानुवर्षे वर्गात हेच शिकवीत आला आहे. रूपांतर ही स्वतंत्र कलाकृती असते, माध्यम बदलले की आशयही बदलतो, ही विधाने खोटी नाहीत. परंतु ती ऐकून चाहत्याची तक्रार विरत नाही. जी तक्रार सिद्धान्ताने खोडून काढल्यावरही शिल्लक राहते, तिच्यात सिद्धान्ताच्या नजरेतून सुटलेले काही असण्याचा संभव असतो. ते काय असावे याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

२.

चाहत्यांच्या तक्रारी एकाच जातीच्या नसतात. त्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग करता येतात : वगळल्याची तक्रार, भर घातल्याची तक्रार आणि नियम मोडल्याची तक्रार.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेत मृत्यूनंतर सूडासाठी परत येणारी केटलिन स्टार्क मालिकेने वगळली. वाचकांना याचे वाईट वाटले. तथापि या एका कारणास्तव मालिका फसली असे फारसे कोणी म्हणाले नाही. कादंबरीमालेचा पाचवा भाग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि २०१६ च्या सहाव्या पर्वापासून मालिकेचे कथानक बहुतांशी कादंबऱ्यांच्या पुढे गेले. तेव्हाही पुढचे कथानक रचण्याचा मालिकाकारांचा अधिकार बहुतेकांनी मान्य केला. खरी कटुता निराळ्याच ठिकाणी उमटली. २०१७ च्या सातव्या पर्वात पात्रे आणि संदेश नेणारे पक्षी प्रचंड अंतरे पाहता पाहता कापू लागले. उडणारे ड्रॅगन ज्यांनी विनातक्रार स्वीकारले होते, त्या प्रेक्षकांना हा वेग मात्र असह्य झाला.

वरवर पाहता हे हास्यास्पद आहे. आग ओकणारा प्राणी चालतो आणि वेगाने उडणारा कावळा चालत नाही, ही कसली रसिकता? परंतु थोडा विचार करता या तक्रारीतील तर्क स्पष्ट होतो. ड्रॅगन हा त्या जगाच्या मान्य घटनेचा भाग आहे. त्या जगात प्रवासाला महिने लागतात, वाटेत माणसे मरतात, बातमी उशिरा पोहोचते आणि त्या उशिराने राज्ये बुडतात, हाही त्याच घटनेचा भाग आहे. कथेतील राजकारण या अंतरावर उभे आहे; अंतर नाहीसे झाले की राजकारणाचे वजनही नाहीसे होते. अद्भुत साहित्यात काहीही घडू शकते हा समज म्हणूनच चुकीचा आहे. वास्तववादी लेखक आपले नियम जगाकडून उसने घेतो; अद्भुताच्या लेखकाला ते स्वतः घालून द्यावे लागतात आणि त्यामुळे ते अधिक काटेकोरपणे पाळावे लागतात. या नियमांच्या समुच्चयाला आपण ‘अद्भुताचा कायदा’ म्हणू.

३.

भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासात या कायद्याची कसोटी घेणारे लक्षणीय उदाहरण ‘चंद्रकांता’चे आहे. खत्रींची ही चार भागांची कादंबरी १८८८ मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. काशीनरेशांच्या अमलातील चकिया-नौगढच्या जंगलांत ठेकेदारी करताना पाहिलेले पडके किल्ले आणि गुहा त्यांच्या कल्पनेच्या मुळाशी होत्या. पुढे ‘चंद्रकांता संतति’चे २४ भाग आले, आणि १९१३ मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरी राहिलेली ‘भूतनाथ’ त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी पूर्ण केली. रामचंद्र शुक्लांनी आपल्या हिंदी साहित्येतिहासात या कादंबऱ्यांना घटनावैचित्र्याच्या पलीकडे स्थान दिले नाही; परंतु हिंदीला सर्वाधिक वाचक मिळवून देण्याचे आणि अनेकांना केवळ या ग्रंथांसाठी हिंदी शिकायला लावण्याचे श्रेय त्यांनीच खत्रींना दिले.

या कादंबरीचे वैशिष्ट्य असे की, तीत अद्भुत भरपूर असले तरी जादू नाही. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकुमारी चंद्रकांता यांच्या प्रेमकथेत खरे काम ऐयार करतात. ऐयार म्हणजे वेषांतर, औषधी, हेरगिरी, गाणे-वाजवणे, धावणे अशा विद्यांत निपुण असा राजाश्रित पुरुष वा स्त्री. त्याच्या बटव्यात बेशुद्ध करणारी पूड असते, शुद्धीवर आणणारा लखलखा असतो, चेहरा रंगवण्याचे साहित्य असते. त्याला वेषांतराला वेळ लागतो, आडोसा लागतो, आणि तो पकडलाही जातो. ऐयाराने ऐयाराला जिवे मारू नये असा व्यवसायाचा दंडक आहे. युद्धातील रक्तपात टाळून चातुर्याने निकाल लावणे हे या मंडळींचे काम, असे खत्रींनी प्रास्ताविकातच सांगितले आहे.

तिलिस्मही असाच. माणूस गिळणारा दगडी बगळा प्रथम भयचकित करतो; पुढे मात्र त्यामागे मंत्र नसून यंत्ररचना आहे असा खुलासा होतो. शेवटी तर खत्रींनी कमाल केली आहे. कथाभर सिद्धपुरुष म्हणून वावरणारा सिद्धनाथ योगी हा वस्तुतः तेजसिंहाचा पिता जीतसिंह, म्हणजे नौगढचा दिवाण निघतो. गूढ वनकन्या ही स्वतः चंद्रकांता निघते. ज्याला वाचक अलौकिक समजत होता ते सारे मानवी कौशल्य ठरते. कादंबरीचा कायदा एका वाक्यात सांगायचा तर असा : येथे प्रत्येक आश्चर्याला उलगडा आहे आणि तो उलगडा वाचकाला मिळालाच पाहिजे.

४.

नीरजा गुलेरी यांची मालिका दूरदर्शनवर १९९४ ते १९९६ या काळात दाखविली गेली. तिचे लेखन कमलेश्वर यांचे होते. ‘नयी कहानी’ चळवळीच्या अग्रणी कथाकाराने तिलिस्माची पटकथा लिहावी, हा योगायोग स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. रविवारच्या सकाळी ही मालिका घराघरांत पाहिली गेली. मराठी घरेही त्याला अपवाद नव्हती. अखिलेंद्र मिश्र यांनी उभा केलेला क्रूरसिंह आणि त्याचा ‘यक्कू’ हा उद्गार यांनी एका पिढीच्या स्मरणात कायमचे घर केले.

कादंबरीत क्रूरसिंह कथेला चालना देतो आणि मग विरोधाची सूत्रे चुनारच्या शिवदत्ताकडे जातात. मालिकेने क्रूरसिंहाला भरघोस विस्तार दिला. मुकेश खन्ना यांनी साकारलेला जाँबाज तर कादंबरीत नाहीच. या भरीविषयी तक्रार करण्यास फारशी जागा नाही. चार भागांचे कथानक पुरवून पुरवून चोवीस भागांच्या ‘संतति’पर्यंत नेणारे खत्री स्वतःच या विस्तारवृत्तीचे जनक होते. मालिकेने त्यांचाच कित्ता गिरवला, असे म्हणता येईल.

खरा बदल अन्यत्र आहे. मालिकेत शिवदत्त विषपुरुष झाला. ऐयार क्षणार्धात रूप पालटू लागले. रंग लावण्याचा वेळ, आरसा, पकडले जाण्याची भीती हे सारे गळून पडले. कौशल्याच्या जागी सामर्थ्य आले. याचा परिणाम केवळ तपशिलापुरता राहिला नाही. वेषांतर ही मेहनतीची कला असते तेव्हा प्रेक्षक चेहऱ्यात खूण शोधतो, म्हणजे तोही थोडा ऐयार होतो. रूपांतरण हा चमत्कार झाला की त्याला शोधण्यासारखे काही उरत नाही. त्याने केवळ थक्क व्हायचे. कादंबरीने वाचकाला दिलेले काम मालिकेने काढून घेतले. मुनिरक्यातील त्या विद्यार्थ्याची तक्रार वस्तुतः हीच होती, फक्त तिला शब्द सापडत नव्हते. २०१७ मध्ये दोन निरनिराळ्या वाहिन्यांनी ‘चंद्रकांता’ पुन्हा पडद्यावर आणली; मूळ वाचक मात्र आजही १९९४ च्याच मालिकेशी भांडतात, कारण त्यांच्या लेखी पहिला करार तेथे मोडला.

५.

यावर एक वजनदार आक्षेप संभवतो. ऐयार आणि तिलिस्म या दोन्ही कल्पना खत्रींच्या नव्हेत. त्या दास्तानच्या परंपरेतून आल्या. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे खंड काढण्यास आरंभ केला होता, आणि तेथे जादूगार, मायावी नगरे, मंत्रबद्ध प्रदेश यांची रेलचेल आहे. खत्रींनी ती जादू काढून टाकली. मग मालिकेने ती परत आणली तर बिघडले कोठे? कदाचित खत्रींशी बेइमान झालेली मालिका खत्रींच्या पूर्वजांशी अधिक इमानी असेल.

हा युक्तिवाद आकर्षक आहे. तुलनाकाराला मोहात पाडणारा आहे. परंतु तो टिकत नाही. होशरुबात जादू असली तरी ती ऐयाराच्या हाती नसते. अम्र ऐयाराजवळ झोळीसारख्या दिव्य देणग्या आहेत. जादूगारांची विद्या मात्र त्याच्याजवळ नाही. तो त्यांना हरवतो तो वेष, विनोद आणि लबाडी यांच्या बळावर. जादू विरुद्ध युक्ती हा त्या अफाट कथेचा कणा आहे. म्हणजे दास्तानने जादू मान्य केली आणि ऐयाराला तिच्याबाहेर ठेवले. खत्रींनी जादूच नाकारली आणि ऐयाराला केंद्रस्थानी आणले. मालिकेने ऐयारालाच जादूगार केले. पहिले दोन कायदे परस्परांहून भिन्न आहेत, पण ते कायदे आहेत. मालिकेने पूर्वजाचाही कायदा पाळला नाही आणि वारसाचाही. तिने स्वतःचा नवा कायदा केला असता तर गोष्ट वेगळी होती. परंतु काय शक्य आणि काय अशक्य हे त्या त्या रविवारच्या गरजेनुसार ठरत गेले.

६.

मराठी परंपरेला या चर्चेत काही सांगता येण्यासारखे आहे. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ लिहून तत्कालीन अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या असंभाव्यतेवर टीका केली, तेव्हापासून आपली समीक्षा अद्भुताला वास्तवाच्या मापाने मोजत आली. त्याच काळात रूपांतराबाबत मात्र मराठी मन उदार राहिले. आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) किंवा देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) शेक्सपिअरपासून किती दूर गेले, याचा हिशेब प्रेक्षकाने मांडला नाही. नारायण धारपांनी स्टीफन किंग यांच्या ‘इट’वरून ‘शपथ’ बेतली. गाव, माणसे, भाषा सारे मराठी झाले, तरी वाचकाला फसवणूक वाटली नाही. पुढे त्याच धारपांच्या ‘ग्रहण’वर २०१८ मध्ये मराठी मालिका आली, तेव्हा त्यांचे वाचक ती कादंबरीशी ताडून पाहू लागले. देणेकरी लेखक आता सावकार झाला होता. यात विसंगती नाही : रूपांतरकाराने काय बदलले यापेक्षा, बदललेल्या जगाचे नियम त्याने सांभाळले काय, हे वाचक पाहत असतो.

आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात हाच भेद केलेला दिसतो. परंपरेने आलेले कथानक रसाला प्रतिकूल असेल तर कवीने ते टाकून नवे रचावे, इतके स्वातंत्र्य तो देतो. पण रामायणासारख्या ज्या कथांचा रस लोकमानसात सिद्ध झालेला आहे, तेथे त्या रसाला विरोधी अशी स्वेच्छा चालवू नये, असेही बजावतो. ‘चंद्रकांता’ला रामायणाच्या पंक्तीस बसवण्याचा येथे हेतू नाही. परंतु तीन पिढ्यांच्या वाचकांच्या मनात तिचाही एक रस सिद्ध झालेला होता. आश्चर्य आणि उलगडा यांच्या जोडीतून निर्माण होणारा. मालिकेने पहिला अर्धा भाग ठेवला आणि दुसरा टाकला.

चाहत्यांचा निवाडा नेहमीच योग्य असतो असे नव्हे. २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे अखेरचे पर्व नव्याने बनवून द्यावे, अशा मागणीवर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. कलाकृतीकडे सदोष मालासारखे पाहण्याची ही वृत्ती समीक्षा नव्हे, आणि तिचे समर्थन करता येणार नाही. न्यायाधीशाची जागा चाहत्याला देता येत नाही. साक्षीदार म्हणून मात्र त्याच्याइतका भरवशाचा माणूस मिळणे कठीण, कारण त्या जगात तो दीर्घकाळ राहिलेला असतो आणि भिंत कोठे हलली हे त्याला आधी जाणवते. त्याच्या साक्षीला भाबडेपणा म्हणून फेटाळण्याऐवजी तिची उलटतपासणी करणे हे समीक्षकाचे काम होय. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल : मालिका कादंबरीपासून दूर गेली म्हणून बिघडली नाही, ती कोणत्याच कायद्याला बांधली गेली नाही म्हणून बिघडली. ‘निष्ठा’ हा शब्द वर्गातून हद्दपार करण्याची घाई प्रस्तुत लेखकाने केली होती. तो परत बोलवावा लागेल, मात्र कथानकाचा पहारेकरी म्हणून नव्हे, तर अद्भुताच्या कायद्याचा जाणकार म्हणून.