पाऱ्याच्या शोधात प्रतिदीप्त रंजके : एक चिकित्सक परामर्श

विशिष्ट पदार्थ प्रकाश शोषून वेगळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात, या गुणधर्माला जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये नाव दिले. मराठीत त्यास प्रतिदीप्ती म्हणतात. घातक रसायनांच्या शोधासाठी या गुणधर्माचा उपयोग आज इतका रूढ झाला आहे, की त्याची चिकित्सा मागे पडली आहे. ऱ्होडामाइनवर आधारित पारा-संवेदक हे याचे बोलके उदाहरण होय.

मुळातील कल्पना देखणी आहे, यात शंका नाही. ऱ्होडामाइनच्या रेणूतील वलय बंद असताना तो रंगहीन व निस्तेज राहतो. वलय उघडले की गुलाबी रंग आणि तेजस्वी प्रतिदीप्ती प्रकटते. १९९७ मध्ये चार्निक व सहकाऱ्यांनी तांब्यासाठी हे तत्त्व वापरले. २००५ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी रेणूत गंधकयुक्त गट जोडून ते पाऱ्यासाठी योजिले. पारा गंधकाला ओढून घेतो, अभिक्रिया होते आणि दिवा लागतो. पाऱ्यासारखा जड अणू सहसा प्रतिदीप्ती विझवतो. त्या पार्श्वभूमीवर हे यश मोठेच मानावे लागेल.

परंतु त्यानंतर आलेल्या अनुकरणात्मक लेखनाविषयी तसे म्हणता येत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ५ नॅनोमोलर आहे. अनेक निबंधांत मात्र निवडकतेची परीक्षा १० मायक्रोमोलर वा त्याहून अधिक पाऱ्यावर घेतलेली आढळते. हे प्रमाण मर्यादेच्या सुमारे २००० पट होय! शोधमर्यादा आलेखाच्या उतारावरून गणिताने काढली जाते. त्या पातळीवरचा नमुना प्रत्यक्षात तपासलेला असतोच असे नाही.

द्रावकाचा प्रश्नही गौण नव्हे. रंजक पाण्यात विरघळत नाही म्हणून निम्मे ॲसिटोनायट्राइल मिसळायचे आणि शीर्षकात ‘जलीय माध्यम’ लिहायचे, हा शिरस्ता पडला आहे. आम्लधर्मी पाण्यात पारा नसतानाही वलय उघडू शकते. चांदीचे आयनही गंधकाकडे आकृष्ट होतात. शिवाय अभिक्रिया अपरिवर्तनीय असल्याने तोच संवेदक पुन्हा वापरता येत नाही, ही बाब बहुधा एका वाक्यात उरकली जाते.

सर्वांत गंभीर आक्षेप निराळाच आहे. हे संवेदक प्रामुख्याने मुक्त पारा-आयन ओळखतात. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या विषबाधेचे कारण मिथाइल-पारा होते. नैसर्गिक पाण्यातील पारा गंधकयुक्त सेंद्रिय द्रव्याशी घट्ट बांधलेलाही असतो. अशा नमुन्यात संवेदक उजळला नाही, तर त्याचा अर्थ पाणी निर्धोक आहे असा लावणे धोक्याचे ठरेल. शीत-बाष्प अणुशोषण पद्धतीत एकूण पारा मोजताना नमुना आधी ऑक्सिडीकारकाने पचवतात, म्हणजे पाऱ्याची सर्व रूपे मोजणीत येतात. प्रतिदीप्ती-निबंधांत मात्र नळाच्या पाण्यात बाहेरून पारा-क्षार मिसळून तोच परत मोजला जातो, आणि त्यालाच ‘प्रत्यक्ष नमुना’ असे संबोधले जाते.