‘महाजागृती’ आणि वसाहतींतील समता : एक चिकित्सा

अठराव्या शतकात ब्रिटिशांच्या अमेरिकन वसाहतींत झालेल्या ख्रिस्ती धर्मजागृतीला ‘महाजागृती’ हे नाव जोसेफ ट्रेसी यांच्या १८४२ मधील ग्रंथामुळे रूढ झाले. ॲलन हाइमर्ट यांनी १९६६ साली तिचा संबंध अमेरिकन राज्यक्रांतीशी जोडला. जॉन बटलर यांनी १९८२ मध्ये मात्र ही संकल्पनाच उत्तरकालीन इतिहासकारांची निर्मिती ठरविली.

हाइमर्ट यांच्या प्रतिपादनात तथ्यांश निश्चित आहे. जॉर्ज व्हिटफील्ड यांनी १७३९-४० मध्ये चर्चबाहेर, खुल्या मैदानांवर प्रवचने दिली. गिल्बर्ट टेनंट यांनी १७४० मध्ये हृदयपरिवर्तनाचा अनुभव नसलेल्या धर्मोपदेशकांवर कठोर टीका केली. विद्वत्ता व पद यांहून अनुभव श्रेष्ठ ठरल्याने सामान्य श्रोता आपल्या धर्मगुरूची पारख करू लागला आणि अनेक मंडळ्या दुभंगल्या.

परंतु ही समता गुलामगिरीच्या उंबरठ्यावर थबकली. व्हिटफील्ड यांनी १७४० मध्ये गुलामांवरील क्रौर्याचा निषेध केला. पुढे मात्र जॉर्जियात गुलामगिरीला मुभा मिळावी असाच आग्रह धरला. तेथील बंदी १७५१ मध्ये उठली. जागृतीचे थोर भाष्यकार जोनाथन एडवर्ड्‌स स्वतः गुलामांचे मालक होते.

बटलर यांचा आक्षेप जागृतीच्या व्याप्तीपुरता ग्राह्य धरला, तरी तिच्या आशयाचा प्रश्न उरतोच. धर्मपीठावरील अधिकाराची झाडाझडती घेणाऱ्या या चळवळीने माणसावरील मालकीहक्काला सहसा हात लावला नाही. म्हणून तिला क्रांतीची नांदी म्हणताना ती कोणाच्या स्वातंत्र्याची नांदी होती, हे अभ्यासकाने स्पष्ट करणे अगत्याचे ठरते.