चौदा टक्क्यांच्या आत काय?

छपरावरच्या सौर पॅनेलांपासून किती वीज मिळेल याचा अंदाज देणारे 'पीव्हीवॉट्स' हे अमेरिकी सरकारी प्रयोगशाळेचे संगणकीय साधन वर्गात वापरावे का? जरूर वापरावे, असे आम्ही म्हणू. पण आधी फळ्यावर गणित करून.

पुण्याला सपाट जमिनीच्या दर चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे ५.५ किलोवॅट-तास सौरऊर्जा पडते. म्हणून १ किलोवॅटचे पॅनेल रोज साडेपाच युनिट देईल, असा हिशेब सर्रास केला जातो. शाळा त्यावर विसंबून पैसे गुंतवते आणि वीजबिल आले की चकित होते. पॅनेलची क्षमता मोजतात ती चौरस मीटरला १००० वॅट प्रकाशात, सौरघटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस ठेवून. एप्रिलच्या दुपारी सौरघट ६० अंशांपर्यंत तापतो. अंशामागे ०.४ टक्के तूट धरली, तर तिथेच १४ टक्के वीज गेली!

पीव्हीवॉट्स हे तापमान तासातासाला हिशेबात घेते, ही त्याची मोठी जमेची बाजू. तारा, सावली, धूळ वगैरेंसाठी मात्र, आपण बदलला नाही तर, ते एकच आकडा धरते: सुमारे १४ टक्के. (योगायोगाने तोच!) त्यात धुळीचा वाटा अवघा २. कच्च्या रस्त्याकडेच्या शाळेने मार्चअखेर आपल्या पॅनेलवरून बोट फिरवून पाहावे. आमचा आक्षेप इथे आहे: विद्यार्थी तयार आकडा तसाच ठेवतो आणि उत्तर वहीत उतरवतो.

दोन सारखी छोटी पॅनेल शेजारी ठेवावीत, एकच रोज पुसावे. महिन्याने भर उन्हात दोन्हींचा प्रवाह मोजून टक्क्यांतला फरक त्या २ च्या जागी घालावा.