बंद दारामागची सेवा : ‘आमूर’च्या निमित्ताने

मिखाएल हानेके यांच्या ‘आमूर’ (२०१२) या फ्रेंच चित्रपटाला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले, २०१३ साली परभाषिक चित्रपटाचे ऑस्करही मिळाले. नवऱ्याने केलेली बायकोची सेवा म्हणजे प्रेमाची परमावधी, असे त्याचे कौतुक आपल्या मंडळींतही ऐकू येते. मला ते अर्धेच पटते.

जॉर्ज आणि ॲन हे पॅरिसमधले ऐंशीच्या घरातले संगीतशिक्षक. मानेतल्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया फसते आणि ॲनचे उजवे अंग लुळे पडते. ‘मला पुन्हा हॉस्पिटलात नेऊ नकोस’ असे वचन ती घेते. सुरुवातीचे प्रसंग अप्रतिम आहेत. न्याहारी करताना ॲन एकाएकी शून्यात जाते. जॉर्ज टॉवेल भिजवून तिच्या मानेला लावतो, नळ तसाच वाहता ठेवून मदतीच्या तयारीसाठी आत जातो. मग नळाचा आवाज थांबतो. ती भानावर आली हे त्यावरूनच कळते.

बोल्बी यांनी मूल आणि आई यांच्या अनुबंधाचा सिद्धांत मांडला. हेझन आणि शेव्हर यांनी १९८७ मध्ये तो प्रौढांच्या प्रेमाला लावला. जोडीदाराबद्दल कुणी निर्धास्त असतो, कुणी धास्तावलेला, तर कुणी जवळीकच टाळतो. पुढे १९९४ मध्ये कुन्स आणि शेव्हर यांनी जोडीदाराच्या सेवेचा याच दृष्टीने विचार केला. निर्धास्त माणसाला दुसऱ्याची गरज नेमकी ओळखता येते. धास्तावलेला माणूस झपाटल्यासारखी सेवा करतो, पण नेमके काय हवे ते त्याला अनेकदा उमगत नाही. साहजिकच राबणाराही असमाधानी आणि ज्याच्यासाठी राबायचे तोही.

जॉर्जवर यातला एखादा शिक्का मारणे योग्य नव्हे. त्याचे आधीचे आयुष्य आपण पाहिलेलेच नाही. पण त्याची सेवा कशी आकसत जाते ते पाहा. मुलगी एव्हा येते तेव्हा तो आईच्या खोलीला कुलूप लावतो. ॲन पाणी थुंकते, तेव्हा तिच्या थोबाडीत मारतो. अखेर उशी. हे सारे हानेके कुठलेही पार्श्वसंगीत न लावता दाखवतात, हे त्यांचे बळ.

माझी तक्रार एव्हाबद्दल आहे. आजारी आईच्या उशाशी ती घरांच्या किमतींच्या गप्पा मारते. अशी मुलगी रंगवल्यावर दार बंद करण्यावाचून गत्यंतरच नव्हते, असे प्रेक्षकाला वाटणारच. इथे दिग्दर्शकाने पारडे झुकवले आहे.

आपल्यापैकी साठ-सत्तरच्या दशकांत इकडे आलेली जोडपी आज त्याच वयात आहेत. मुले दुसऱ्या राज्यांत, आणि ‘नर्सिंग होम नको’ हे वचन घरोघरी दिलेले. ते बहुधा बायकोच निभावते आणि आपण तिला पतिव्रता म्हणून मोकळे होतो. तिला रात्रीची झोप मिळते का, हे कुणी विचारत नाही. म्हणून हा चित्रपट दोघांनी मिळून पाहावा, आणि वचन द्यायच्या आधी मदतीला कुणाला बोलवायचे तेही ठरवून टाकावे.