एका शिकारी टिपणवहीचा काल

इंदापूर तालुक्यांतील एका जुन्या रुमालांत सांपडलेली मोडी टिपणवही तिच्या संग्राहकांनीं देवनागरी नकलेसह आमच्याकडे अभिप्रायार्थ पाठविली आहे. कागद व अक्षरांचें वळण पाहून त्यांनीं तिचा काल इ. स. १९०० पूर्वींचा ठरविला. तो टिकत नाहीं. काडतुसेंच त्याविरुद्ध साक्ष देतात.

गव्याकरितां घेतलेल्या दुनळी रायफलीचा आंकडा मूळ वहींत स्वच्छ ४७० आहे. संग्राहकांनीं तो लेखनप्रमाद समजून नकलेंत ४५० केला, आणि तशी टीपहि दिली नाहीं! वस्तुतः बंडखोरांच्या हातीं असलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकांस उपयोगी पडेल या भीतीनें ४५० च्या दारूगोळ्याची आयात १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानांत बंद झाली. तेव्हां शिकाऱ्यांस ४७०, ४६५ असे आंकडे पत्करावे लागले. म्हणजे जो आंकडा काल सांगतो, तोच दुरुस्तींत गेला. पोथ्यांत कठिण पाठ तोच बहुधा मूळचा, हा न्याय काडतुसांसहि लागू आहे.

पुढें वहीकार ही जड रायफल विकून ३७५ मॅग्नम घेतो. बुडाशीं कडें असलेलें ३७५ चें एक काडतूस हॉलंड अँड हॉलंड यांनीं १९०५ मध्येंच काढिलें होतें. केवळ कड्यावरून निर्णय होत नाहीं. परंतु येथें 'मॅग्नम' हा शब्द आहे, आणि गोळीचें वजन एक तोळा आठ मासे, म्हणजे बरोबर ३०० ग्रेन, दिलें आहे. तें काडतूस १९१२ चें. सबब निदान हीं पानें त्यानंतरचीं होत. आरंभींचीं ठासणीच्या बंदुकीचीं पानें निराळ्या हातचीं दिसतात. त्यांचा विचार स्वतंत्र व्हावा.

या अदलाबदलीस प्रस्तावनेंत चिक्कूपणा म्हटलें आहे, तें आम्हांस मान्य नाहीं. बारामती-इंदापूरच्या उघड्या माळावर चिंकारा, तोहि लांबून; सह्याद्रीच्या झाडींत गवा, तो अगदीं जवळून. ३७५ ला २३५ ग्रेनची हलकी गोळीहि चाले, त्यामुळें एकाच रायफलीवर दोन्ही कामें साधत. जड ४७० माळावर निरुपयोगी. मोठा आंकडा म्हणजे निर्धास्तपणाहि नव्हे: चंपावतच्या वाघिणीमागें कॉर्बेट १९०७ मध्यें ५०० ची रायफल व तींच काडतुसें घेऊन गेले, अखेर तहसीलदारांची बंदूक घ्यावी लागली. (१९७२ च्या कायद्यानंतर हा प्रश्न केवळ कागदांपुरता उरला, आणि सुप्याच्या माळावर १९९७ पासून चिंकाऱ्यांचें अभयारण्यच आहे.)

नक्कल छापण्यापूर्वीं ४७० हा पाठ पूर्ववत् करावा, व त्या पानाचें छायाचित्र आमच्याकडे पाठवावें.