कुटुंबाच्या आहार-पाहणीतील ‘उपभोग-एकक’ : ऑनर्स प्रकल्पांचा एक दोष

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या ऑनर्स पदवीत संशोधनास स्थान दिले. गृहविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी सर्वांत जवळचा विषय म्हणजे कुटुंबाचा आहार. अशा पाहणीची एक रुळलेली रीत आहे : घरात शिजलेला शिधा मोजावयाचा, माणसांची ‘उपभोग-एकके’ करावयाची आणि शिध्यास त्यांनी भागावयाचे. बैठे काम करणारा प्रौढ पुरुष १ एकक, तशीच स्त्री ०.८. भागाकार बिनचूक येतो. परंतु घरातील अन्न गरजेच्या प्रमाणातच वाटले जाते, हे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुतः तपासावयाची गोष्ट तीच होय. शेवटच्या पंगतीला बसणाऱ्या सुनेच्या ताटात काय उरले, हे डब्यातील शिध्यावरून कळत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पुरुष २५ टक्के. पाळी व बाळंतपण ही कारणे आहेतच. तथापि ताटातील वाट्याचा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही.

चोवीस तासांतील आहार आठवून सांगण्याची पद्धत माणसागणिक चौकशी करते, म्हणून ती अधिक बरी. मात्र सासू शेजारी बसली असता सून काय सांगेल, याचा विचार प्रश्नावली छापण्यापूर्वीच व्हावयास हवा. शेकडो घरांच्या नमुन्याचा हट्ट (मोठ्या आकड्याचे अप्रूप मार्गदर्शकांनाही असतेच) येथे घातक ठरतो. वीसच घरे घेऊन, प्रत्येकाचे वाढलेले ताट तीन दिवस तराजूवर तोलले, तर सुनेचा आणि मुलाचा आहार निदान वेगवेगळ्या रकान्यांत मांडता येईल.